निसर्गसंपत्ती-संधारणाचे पदव्युत्तर शिक्षण, नांदेड-लातूर परिसरातील

माती, पाणी, वने, खनिजे व वन्य जीव यांचा विवेकाने वापर आणि जपणूक कशी करावी, याचे शास्त्रीय ज्ञान देणारे पदव्युत्तर शिक्षण. हे ज्ञान कोणत्याही एका विद्याशाखेत सामावत नाही. भूविज्ञान, कृषी अभियांत्रिकी, वनविद्या व पर्यावरणविज्ञान अशा भिन्न शाखांत ते विभागलेले आहे. त्यामुळे अभ्यासक्रमाची निवड हाच विद्यार्थ्यापुढील पहिला व अवघड प्रश्न ठरतो. मराठवाड्यात या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ विद्यार्थ्याच्या अभिरुचीपेक्षा प्रदेशाच्या राजकीय इतिहासाने दिले.

नांदेड व लातूर हे भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठ (स्थापना १९१८) हैदराबाद येथे असून तेथील अध्यापनाचे माध्यम उर्दू होते. मराठी मातृभाषा असलेल्या, खेड्यातून आलेल्या मुलास हे शिक्षण दुहेरी अर्थाने दूरचे होते. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये व औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. तथापि पदव्युत्तर विज्ञानासाठी औरंगाबाद गाठणे नांदेडकरास सोपे नव्हते.

१९७२ च्या अवर्षणाने निसर्गसंपत्तीच्या अभ्यासाची निकड स्पष्ट केली. परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ त्याच वर्षी १८ मे रोजी स्थापन झाले (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच काळातील. यातून दोन वाटा निघाल्या : भूमिगत पाणी शोधण्यासाठी भूविज्ञान आणि पडलेले पाणी व माती अडविण्यासाठी मृद् व जलसंधारण अभियांत्रिकी. या दोन्ही वाटांचा प्रदेशाच्या भूरचनेशी थेट संबंध आहे. लातूरचा बहुतेक भाग दक्खनच्या बेसाल्टाचा असून त्यात पाणी मुख्यतः झिजलेल्या, सच्छिद्र व भेगाळ थरांत साठते. नांदेडच्या पूर्वेस देगलूर, बिलोली या बाजूंस ग्रॅनाइट व पट्टिताश्म हे खडक आढळतात व पाण्याचा शोध तेथे निराळ्या रीतीने घ्यावा लागतो.

वनविद्येची स्थिती वेगळी आहे. किनवट-माहूरची सागवानी वने नांदेड जिल्ह्यात आहेत. लातूर जिल्ह्यात मात्र वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. वनशिक्षणाचे जुने केंद्र डेहराडून होय. तेथे वनविद्यालय १८७८ मध्ये व वन संशोधन संस्था १९०६ मध्ये सुरू झाली. भारतीय वन्यजीव संस्थेचा (स्थापना १९८२) पदव्युत्तर वर्ग १९८८ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात दापोली व अकोला येथे वनविद्येचे शिक्षण मिळू लागले, तरी नांदेडहून दापोलीचे अंतरही काही थोडे नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात दाखविलेला होता; २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात घालण्यात आला. भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मी. खोल वेधनछिद्रात ३३८ मी. जाडीचे बेसाल्टाचे थर, त्याखाली ८ मी. गाळाचे खडक व नंतर पट्टिताश्म आढळला. ज्या जमिनीवर लोक पिढ्यानपिढ्या राहत होते तिचा पाया किती खोल आहे, हे गावे उद्ध्वस्त झाल्यावर समजले. पुढील वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हा दिनांक हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या स्मृतीचा असून भूकंपाशी त्याचा संबंध नाही. मात्र विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलामुळे भूविज्ञान व पर्यावरणविज्ञान हे विषय स्थानिक विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००३ नंतर पर्यावरण हा विषय पदवी स्तरावर सक्तीचा झाला. पर्यावरणविज्ञानाच्या पदवीधरांना त्यामुळे अध्यापनाची आशा वाटू लागली. पण हा विषय पुष्कळ ठिकाणी अन्य विषयांच्या अध्यापकांकडेच सोपविला गेला, ही वस्तुस्थिती लपविण्यात अर्थ नाही. लातूरची शैक्षणिक कीर्ती तर वैद्यक व अभियांत्रिकीच्या प्रवेशांवर उभी आहे. तेथील हुशार विद्यार्थी संधारणाकडे क्वचितच प्रथम पसंती म्हणून वळतो. त्याच लातूर शहरास मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सु. पाच लाख लिटर पाणी आले.

निवड करताना अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा प्रवेशाची व नोकरीची अर्हता आधी पाहणे इष्ट. मृद् व जलसंधारण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गास कृषी अभियांत्रिकीची पदवी लागते; विज्ञानाच्या पदवीधरास तो मार्ग बंद असतो. भूजलविषयक शासकीय पदांसाठी भूविज्ञानाची पदवी उपयोगी पडते, केवळ पर्यावरणविज्ञानाची पदवी तेथे पुरेशी ठरेलच असे नाही. वन्यजीव विज्ञानाच्या डेहराडूनच्या वर्गात जागा मोजक्या असून प्रवेश अखिल भारतीय परीक्षेने होतो. क्षेत्रीय कामाचे दिवस किती, प्रयोगशाळेत माती व पाण्याचे पृथक्करण विद्यार्थी स्वतः करतात की केवळ पाहतात, याची चौकशी आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्यांकडे करता येते. माहितीपुस्तिकेत ती बहुधा नसते.