राउटरच्या इंटरफेसचा मॅक पत्ता

राउटरच्या प्रत्येक इथरनेट किंवा वाय-फाय इंटरफेसला कारखान्यातच दिलेला ४८ बिटांचा ओळखक्रमांक. यालाच हार्डवेअर पत्ता म्हणतात. राउटर एकाहून अधिक जाळ्यांच्या सीमेवर बसतो, त्यामुळे त्याचे असे पत्तेही अनेक असतात. ‘राउटरचा मॅक सांगा’ ही मागणी म्हणूनच अर्धवट ठरते. कोणत्या इंटरफेसचा हवा, हे आधी विचारावे लागते.

हा पत्ता १२ षोडशमान अंकांत लिहितात. पहिले ६ अंक सहसा उत्पादकाची ओळख पटवतात आणि त्यांचे वाटप आयईईई ही संस्था करते. उदाहरणार्थ, ००-००-०सी हे सिस्कोचे. उरलेले अंक उत्पादक स्वतः देतो. झेरॉक्सच्या प्रायोगिक इथरनेटमध्ये पत्ता अवघा ८ बिटांचा होता. यंत्र एका जाळ्यातून उचलून दुसऱ्यात लावले तरी क्रमांकाची टक्कर होऊ नये, यासाठी जगभर एकमेव असा ४८ बिटांचा क्रमांक का हवा, याची मांडणी त्याच कंपनीतील योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या निबंधात केली.

सिस्कोच्या राउटरवर ‘शो इंटरफेसेस’ ही आज्ञा दिली की इंटरफेसच्या नावाखालच्या ओळीत पत्ता दिसतो आणि त्याच्यापुढे कंसात ‘बीआयए’ म्हणून आणखी एक. कंसातला कारखान्याचा, बाहेरचा सध्या वापरात असलेला. दोन्ही सारखे नसतील, तर कुणीतरी पत्ता बदलला आहे असे समजावे. जुनिपरच्या राउटरवर हाच भेद ‘करंट ॲड्रेस’ आणि ‘हार्डवेअर ॲड्रेस’ या नावांनी दिसतो. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरवर ‘आयपी लिंक’ पुरते. तिथे ‘लिंक/ईथर’ या शब्दांपुढचे अंक वाचावेत. सिरियल आणि लूपबॅक इंटरफेसना मॅक पत्ता नसतोच, आणि व्हीलॅनसाठी केलेले उपइंटरफेस मूळ पोर्टचाच पत्ता वापरतात. लिहिण्याची पद्धतही एक नाही: सिस्को चार-चार अंकांचे तीन गट टिंबांनी तोडते, लिनक्स दोन-दोन अंकांमध्ये अपूर्णविराम घालते, विंडोज आडवी रेघ. एका ठिकाणचा पत्ता जसाच्या तसा दुसरीकडे शोधला तर काहीच सापडत नाही, ते बऱ्याचदा एवढ्याच कारणाने.

राउटरवर लॉगिन नसेल तर त्याच जाळ्यातल्या संगणकावरून आधी गेटवेच्या आयपी पत्त्याला पिंग करावे आणि मग ‘एआरपी -ए’ ही आज्ञा द्यावी. यादीत गेटवेसमोर जो मॅक येतो, तो राउटरच्या आपल्याकडील बाजूचा. पलीकडच्या बाजूचा पत्ता इथून कळत नाही, कारण प्रत्येक राउटर पॅकेट पुढे धाडताना जुनी फ्रेम काढून स्वतःच्या इंटरफेसच्या पत्त्याने नवी चढवतो. दिसलेला पत्ता खऱ्या पोर्टचा असेलच असेही नाही. दोन राउटर व्हीआरआरपीने जोडीत ठेवले असतील, तर गेटवेचा मॅक ००-००-५ई-००-०१ असा सुरू होतो आणि शेवटचे दोन अंक गटाचा क्रमांक सांगतात. गट १० असेल तर ०ए. (हा आयपीव्ही४ चा क्रम.) हा पत्ता एखाद्या यंत्राचा नसून त्या क्षणी सूत्रे हाती असलेल्या राउटरचा असतो.

घरगुती राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर बहुधा एकच मॅक छापलेला असतो. वॅन, लॅन आणि वाय-फायचे पत्ते अनेकदा त्याच्या शेजारचे असतात, पण हा काही नियम नव्हे. खात्री राउटरच्या स्टेटस पानावरच करावी. आपल्याकडे काही इंटरनेट पुरवठादार जोडणी ग्राहकाच्या राउटरच्या वॅन मॅकला बांधून ठेवतात. नवा राउटर लावल्यावर दिवे सगळे लागतात आणि नेट मात्र येत नाही, त्यामागे हेही एक कारण असते. अशा वेळी पुरवठादाराला नव्याचा वॅन मॅक कळवायचा किंवा ‘मॅक क्लोन’ची सोय वापरून जुन्याचा त्यात भरायचा. फोनवरच्या ॲपमध्ये दिसणारा बीएसएसआयडी हा वाय-फाय रेडिओचा पत्ता असतो; तो कळवून काम होत नाही.

पत्त्यातला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो उत्पादकाने दिलेला नसून स्थानिक पातळीवर ठरवलेला असतो. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायला कित्येक राउटर असाच पत्ता देतात. तो आयईईईच्या यादीत शोधून उत्पादकाचे नाव मिळत नाही.