नगरच्या तारांआडचे निर्वासित

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले आणि हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्यांची रवानगी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत झाली. पहिल्या महायुद्धातही येथे अशीच छावणी होती. सरकारलेखी जर्मन तो शत्रू. मग तो नाझी पक्षाचा सभासद असो वा हिटलरच्या छळातून जीव वाचवून मुंबईस आलेला ज्यू डॉक्टर! १९३८ पासून ज्यांच्या पारपत्रावर जर्मनीनेच ‘जे’ हे अक्षर उमटवले होते, त्यांना इंग्रजांनी जर्मन म्हणून डांबावे, हा केवढा दैवदुर्विलास!

चूक लवकरच उमगली. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली. (पंजाबच्या कर्जबाजारी शेतकऱ्यावर ग्रंथ लिहिणारे डार्लिंग ते हेच.) मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने निर्वासितांसाठी शब्द टाकला आणि अनेक ज्यू काही महिन्यांतच सुटले.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. भयाने पुन्हा उचल खाल्ली. सुटलेल्यांपैकी काहींना परत धरले गेले. पुरंदर व सातारा येथे पॅरोल वसाहती झाल्या. पॅरोल म्हणजे दिलेल्या शब्दावरची मोकळीक: हद्द मात्र ओलांडायची नाही. नगरच्या छावणीत जे उरले, ते देवळालीमार्गे १९४१ मध्ये डेहराडूनला गेले.