टोपी आणि पुढचं वर्ष

आमच्या शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत. शेकडो वर्षं उन्हापावसात उभी आहेत. म्हणजे टिकून राहण्याची आमच्या गावाला सवय आहे. टिकला नाही तो फक्त आमचा क्रिकेटचा संघ.

'आमचा' म्हणजे पुण्याचा. आता तुम्ही म्हणाल, शिरवळ सातारा जिल्ह्यात! कबूल. पण नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा लागतो, आणि साताऱ्याला कुणी संघ देत नव्हतं. २०१० मध्ये सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरला आयपीएलचा पुण्याचा संघ घेतला, तेव्हा मीही शंभर रुपयांची टोपी घेतली. गुंतवणूक दोघांनीही केली.

'पुणे वॉरियर्स' २०११ मध्ये घरच्या मैदानावर उतरले, ते नवी मुंबईत. गहुंज्याचं मैदान तयार नव्हतं. पण संघ नेमाचा पक्का. तीन हंगाम खेळला आणि दर हंगामात बरोबर चार सामने जिंकला. पहिल्या वर्षी कर्णधार युवराज सिंग, दुसऱ्या वर्षी सौरव गांगुली. विजय चार ते चारच. २३ एप्रिल २०१३ ला बंगळुरात ख्रिस गेलने आमच्या गोलंदाजांना धुतलं. ६६ चेंडूंत नाबाद १७५! स्वयंपाकघरातून हिने विचारलं, "अहो, किती झाल्या?" म्हटलं, "सांगण्यासारख्या नाहीत." त्याच वर्षी संघाच्या शुल्कावरून मालक आणि क्रिकेट मंडळ यांचं फाटलं. संघ मिटला, टोपी खुंटीवर गेली.

२०१६ मध्ये ती पुन्हा उतरवली. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित होते, म्हणून 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' आले. रजेवरच्या मास्तरांच्या जागी बदली मास्तर येतात ना, तसे. कर्णधार साक्षात धोनी! पण त्या साली दुष्काळ. न्यायालयाच्या आदेशाने मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर गेले, आमचे विशाखापट्टणमला. नदीकाठच्या माणसाने पाण्यापुढे क्रिकेट काढू नये. मी काढलं नाही.

पुढच्या वर्षी कर्णधार बदलून स्टीव्ह स्मिथ आला, नावातला शेवटचा 'स'ही काढला. गुण आला! संघ थेट अंतिम सामन्यात. २१ मे २०१७, हैदराबाद, समोर मुंबई. जिंकायला १३० हव्या. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या; दोन झाल्या, तिसरीला पळताना गडी बाद. एका धावेने गेलो! आणि मुदत संपली म्हणून संघही गेला.

हरण्याचं मला दुःख नाही, त्याचा सराव होता. पण हरणाऱ्याच्या बाजूच्या माणसाची इस्टेट ती काय? 'पुढच्या वर्षी बघू' एवढीच. आमचं ते पुढचं वर्षच कुणीतरी उचलून नेलं.

परवा झाडलोट करताना ही म्हणाली, "अहो, ही टोपी आता टाकून देऊ का?"

मी म्हटलं, "राहू दे गं. पुढच्या वर्षी बघू."