संगणक सुरू होताना अडतो कुठे?

संगणकाची कळ दाबली की थोड्याच वेळात पडदा उजळतो. या मधल्या वेळात काय घडते? प्रश्न साधा, पण त्यात एक पेच आहे. संगणकाचा सारा कारभार कार्यप्रणाली पाहते. ती स्वतःही एक आज्ञावलीच असते. तिला तबकडीवरून स्मृतीत आणायचे तर ते काम करणारी दुसरी आज्ञावली आधी हवी. मग त्या दुसरीला कोण आणणार? स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलावे, तसा हा प्रकार! म्हणूनच या क्रियेला इंग्रजीत ‘बूटस्ट्रॅपिंग’, थोडक्यात ‘बूट’, हे नाव पडले.

यावरचा उपाय पायऱ्यापायऱ्यांचा आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये ‘बायॉस’ ही छोटी आज्ञावली कायमस्वरूपी स्मृतीत कोरलेली होती. ती तबकडीचा पहिला ५१२ बाइटांचा भाग वाचते. त्यातली इवलीशी आज्ञावली स्वतःपेक्षा मोठी आज्ञावली आणते आणि ती कार्यप्रणालीचा गाभा आणते. या साखळीतली एक कडी निसटली की संगणक तिथेच थांबतो.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा सर्वांसाठी खुला केला. पण आपल्याकडे तो मिळवायचा कसा? गोरेगावपासून जवळच, जुहूला, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते (२००३ मध्ये ते सी-डॅकमध्ये विलीन झाले). अशा संस्थांतील संशोधक एर्नेट या शैक्षणिक जाळ्यावर होते. सर्वसामान्यांना मात्र इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेवरून. सेकंदाला २८,८०० बिट या वेगाने ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला सलग पन्नास तासांहून अधिक वेळ लागला असता. गोरेगावच्या एखाद्या शिक्षकाला हे परवडणार कसे?

हा अडसर ‘पीसी क्वेस्ट’ या भारतीय मासिकाने १९९६ मध्ये दूर केला. अंकासोबत लिनक्सची सीडीच वाचकांच्या घरी पोहोचू लागली. या उपक्रमामागे बेळगावात अभियांत्रिकी शिकलेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचा मोठा वाटा होता. लिनक्सच्या परवान्यानुसार प्रती काढून वाटण्याला पूर्ण मुभा असल्याने एकच सीडी अनेकांच्या उपयोगी पडे.

सीडी हाती आली तरी संगणक सुरू होईलच असे नव्हते. सीडीवरून संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ ही पद्धत १९९५ मध्येच ठरली होती. त्याआधीच्या बायॉसला ती ठाऊक नव्हती. म्हणून डॉसमधून ‘रॉराइट’ ही आज्ञावली चालवून आधी फ्लॉपी तयार करावी लागे. शिवाय सीडी वाचणारी यंत्रे वेगवेगळ्या प्रकारे जोडलेली असत, काही तर ध्वनिकार्डाला! प्रत्येक प्रकारासाठी वेगळी फ्लॉपी होती. ती चुकली की संगणक सुरू होई, पण सीडी सापडत नसे. नवख्याला वाटे, सीडीच खराब आहे. प्रत्यक्षात तिच्यापर्यंत कोणी पोहोचलेलेच नसे.

आमच्या मते या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ‘लिलो’ ही लिनक्स सुरू करणारी आज्ञावली. ती एकेक टप्पा पार होताच आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. ‘एल’ दिसले की पहिला भाग स्मृतीत आला. ‘एल, आय’ वर गाडी अडली तर दुसरा भाग सुरू झालेला नाही, असे समजावे. चारही अक्षरे उमटली की सारे ठीक. म्हणजे दोष कुठे आहे हे यंत्रच सांगत असे!

आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे; रोगनिदानाची रीत तीच आहे. संगणकाला पेनड्राइव्ह दिसतच नसेल, तर सुरुवातीचा क्रम तपासावा. दिसूनही सुरू होत नसेल, तर प्रतिमा-फाइल साध्या फाइलसारखी नक्कल केली गेली का ते पाहावे. ती खास आज्ञावलीने लिहावी लागते. अर्ध्यावर अडत असेल, तर उतरवलेल्या फाइलची पडताळणी-संख्या मूळ संख्येशी जुळवावी. स्वाक्षरीबद्दल तक्रार आली, तर २०१२ नंतर सर्वत्र पसरलेली ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा-व्यवस्था आड येत असावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निरीक्षण लिहून ठेवावे. प्रयोगशाळेत आपण दुसरे काय करतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. नवी आवृत्ती न पेलणारे कितीतरी संगणक त्यामुळे अडगळीत जाऊ शकतात. त्यांतले बरेचसे लिनक्सवर आणखी काही वर्षे चालतील. मात्र, कायमची स्थापना करताना तबकडीवरील मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून आधी त्याची प्रत काढावी आणि लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. हे काम नववी-दहावीच्या मुलांवर सोपवावे, असे आम्ही सुचवतो. ‘संगणक बिघडला’ हे मोघम विधान सोडून ‘तो या पायरीवर अडला आहे’ असे मुले सांगू लागली, तर विज्ञानाचा एक महत्त्वाचा धडा त्यांना मिळाला असे समजावे.