उमरा कापूस आणि सूर्यावरचे डाग

लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीकडचा कापूस ‘उमरा’ म्हणून विकला जाई. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात त्याला सोन्याचा भाव आला. पुढे वऱ्हाडच्या कास्तकाराचा संबंध थेट सूर्याशी जोडला गेला, त्याची ही कूळकथा.

सुरुवात १८०१ची. खगोलवेत्ता विल्यम हर्शेल याने अ‍ॅडम स्मिथच्या ग्रंथातले गव्हाचे जुने भाव काढले आणि सांगितलं, सूर्यावर डाग कमी तेव्हा गहू महाग. १८७७ मध्ये, दक्षिणेत दुष्काळ माणसं गिळत असताना, खगोलवेत्ता लॉकियर आणि हिंदुस्थान सरकारचा सांख्यिकी अधिकारी हंटर यांनी मद्रासचा पाऊस याच डागांना बांधला. वर्षभरात अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने साखळी पुरी केली: सूर्य बिघडला की हिंदुस्थानात पीक बुडतं, कास्तकार विलायती कापड घेत नाही, आणि इंग्लंडात पेढ्या बुडतात. त्याच्या हिशेबात मंदी सुमारे साडेदहा वर्षांनी येत होती. डागांचं चक्र मात्र अकरा वर्षांचं मानलं जाई. तेव्हा त्याने साडेदहा सांगणारी दुसरी मोजणी उचलली!

आपल्या पंचांगातलं, पावसाची खूण मानलं जाणारं नक्षत्राचं वाहनही गणितानेच निघतं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं. बाकीवरून बेडूक की उंदीर ते ठरतं. मृगाचं वाहन विचारणाऱ्या कास्तकाराला अडाणी म्हणणाऱ्यांनी जेव्हन्सही वाचावा. कोरडवाहू शेतीत वर्षाचं पोट पावसावर असतं. खूण शोधण्याची ती तगमग मला खरी वाटते.

१८९९ मध्ये सरकारी हवामानखात्याने चांगल्या पावसाचं भाकीत केलं आणि पाऊस फिरला. वऱ्हाडात हाहाकार उडाला. १९०४ मध्ये खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली. जगभरचे पाऊस, दाब, तापमान त्याने एकमेकांशी ताडून पाहिले. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं देणं १९१४चं आहे: शंभरात एकदा घडणारा योगायोग शंभर जोड्या तपासल्यावर दिसला तर त्यात नवल कसलं? म्हणून जुळलेली जोडी दाखवताना तपासलेल्या सगळ्या जोड्या मोजायच्या. या कसोटीपुढे डागांचं पावसाशी नातं फार टिकलं नाही. १९२६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ यूलने दुसरा खड्डा दाखवला. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडातला मृत्युदर आणि चर्चमधल्या लग्नांचं प्रमाण यांचा सहसंबंध ०.९५ निघतो, दोन्ही आपापल्या कारणांनी घटत होते, इतकंच.

तरी पावसाच्या भाकिताची वाट सरळ झाली नाही. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सोळा घटकांचं मान्सूनचं सूत्र आलं. बरीच वर्षं ते जुळलं. २००२ मध्ये अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता, पडला ८१ टक्के. काही घटकांचं पावसाशी नातं तोवर सैल झालं होतं. पुढच्याच वर्षी सूत्र बदललं.

वॉकरच्या जोड्यांपैकी प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचं हवेच्या दाबाचं हेलकावणं मात्र टिकलं. १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ ब्येर्कनेसने समुद्राच्या तापमानातून त्यामागची यंत्रणा उलगडली. पेरणीआधी अकोल्यात एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्याची, बातमी विचारली जाते, ती या वाटेने आलेली आहे.