मागच्या चाकाच्या सांध्याची कुळकथा

चाकाला खाचखळग्यांनुसार वरखाली होण्याची पूर्ण मुभा असावी, परंतु पुढेमागे सरकण्यास, आडवे घसरण्यास अथवा इंजिनाच्या जोराने पिळले जाण्यास सक्त मज्जाव असावा, अशा दोन परस्परविरोधी फर्मानांची एकाच क्षणी अंमलबजावणी करणे हे मोटारीच्या मागील सस्पेन्शनचे कार्य होय. ही अंमलबजावणी चेसिसपासून चाकापर्यंत पोहोचणारे आर्म आणि त्यांच्या टोकांचे सांधे करीत असतात. रायपूरच्या समता कॉलोनीतून जी. ई. रोडकडे निघालेल्या वाहनांच्या पोटाखाली ते मुकाट्याने राबत असल्यामुळे त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु स्वहस्ते जुळविलेल्या किट कारचा धनी जेव्हा जुने आर्म उतरवून नवे चढवावयास बसतो, तेव्हा मुभा किती द्यावी आणि मज्जाव किती करावा, हा दोन शतकांचा वाद त्याच्या पुढ्यात येऊन पडतो.

बैलगाडीच्या बाबतीत हा वादच संभवत नव्हता, कारण तिचा आस साटीखाली घट्ट बसविलेला असे आणि वाटेवरचा प्रत्येक दगड गाडीवानाच्या मणक्यापर्यंत आपली वार्ता बिनदिक्कत पोहोचवी. १८०४ साली ओबाडाया इलियट या इंग्रज कारागिराने पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले, तेव्हा घोडागाडीला पहिली खरी मुभा मिळाली. मोटारीने हे पाटे वारसाहक्काने उचलले. आणि आपल्याकडे २०१४ पर्यंत उत्पादनात राहिलेल्या अँबॅसडरच्या मागील आसाखालीही तेच होते. पाट्यांचा मोठा गुण असा, की भार वाहणे, आसाला जागच्या जागी धरून ठेवणे आणि त्याचा पीळ सोसणे ही तिन्ही कामे ते एकट्याने करतात. आणि दोषही नेमका हाच, कारण प्रवाशांच्या सुखासाठी त्यांना मऊ करावे तर आस डळमळू लागतो आणि आस आवळावा म्हणून त्यांना कडक करावे तर प्रवासी हैराण होतात.

या पेचातून सुटण्यासाठी कामांची वाटणी झाली. भार वाहण्याचे काम गुंडाळीच्या स्प्रिंगकडे गेले, आणि ती आसाला कोणत्याही दिशेने धरून ठेवू शकत नसल्यामुळे तेवढ्यासाठी स्वतंत्र दांडे नेमणे भाग पडले. पुढेमागे सरकणे रोखणारा लांब ट्रेलिंग आर्म आणि आडवे घसरणे रोखणारा पॅनहार्ड दांडा हे त्यांतील ठळक होत. जेम्स वॉटने १७८४ साली वाफेच्या यंत्रासाठी योजिलेली दांड्यांची जुळणीही पुढे हेच आडवे बंधन घालण्यासाठी मोटारीखाली आली. दांडे आले म्हणजे सांधे आले, आणि त्या सांध्यांत रबर आले. धातूच्या दोन नळ्यांमध्ये चिकटविलेले रबर, म्हणजेच रबरी बुश, घसरत नाही, नुसते पिळले जाते. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, धुळीचे भय नसते आणि रस्त्याची थरथर ते स्वतःतच जिरवून टाकते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५ च्या सुमारास हाती घेतलेल्या ‘मीरा’ या छोट्या मोटारीत तर सस्पेन्शनची सारी भिस्तच रबरावर होती. पुढील सुमारे तीस वर्षे ते एकामागून एक सुधारित नमुने घडवीत राहिले, परंतु सरकारदरबारी त्यांची डाळ शिजली नाही आणि मीरा बाजारात आली नाही.

किट कारची भरभराट मात्र करामुळे झाली. इंग्लंडात तयार मोटारीवर जबर खरेदी कर बसे, सुट्या भागांच्या पेटाऱ्यावर तो बसत नसे. या फटीतून कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन ही उघडी, हलकी मोटार बाहेर काढली. पेटाऱ्यासोबत जुळणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या गेल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट क्रमाने वाचल्या, अशी आख्यायिका आहे. १९७३ मध्ये नवी करपद्धती येऊन ही सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. या सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेपासून मागील आस इंग्रजी ए अक्षराच्या आकाराच्या एका आर्मने धरलेला होता, आणि त्याचे टोक डिफरेन्शियलच्या बुडाशी रबरी बुशावर टेकलेले असे. वळणावरचा सारा आडवा जोर त्या एका बिंदूवर एकवटल्याने आसाचे कवच ताणले जाई, त्यातून तेल झिरपे आणि तेलाचे हाडवैरी असलेले रबर अल्पावधीत फुगून निकामी होई. मागील आर्म सुधारण्याचा छंद अनेक सेव्हनधारकांना जडला, तो या तेलकट कोपऱ्यातून.

रबराला पर्याय दुसऱ्या महायुद्धाने दिला. जर्मन विमानांच्या नियंत्रण दांड्यांतला सांधा इंग्रजांच्या हाती लागला, आणि चॉकलेटे गुंडाळण्याच्या यंत्रांसाठी ख्यातनाम असलेल्या गेन्सबरो येथील रोझ ब्रदर्सने तो बनविण्यास घेतला. अमेरिकेत तो हाइम यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. खुब्याच्या सांध्याप्रमाणे यातही घोटीव गोळा वाटीत बसतो, हव्या त्या कोनात वळतो आणि दांड्याच्या दिशेने मात्र तसूभरही सरकत नाही. शिवाय त्याच्या दांडीला आटे असतात. एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे दिले, की दांडा जागच्या जागी फिरवून त्याची लांबी कमीजास्त करता येते आणि चाकाची दिशा व कल मनाजोगा साधता येतो. रेसिंगच्या मोटारींनी हा सांधा हातोहात उचलला.

आपल्याकडे सेव्हनच्या घराण्याची शाखा अलिबागजवळ कार्लेखिंडीत फुटली. तेथील चिंकारा मोटर्सने फायबरग्लासच्या अंगाची रोडस्टर बनविली आणि तिला अँबॅसडरमध्येही वापरले गेलेले १.८ लिटरचे इसुझू इंजिन बसविले. २००७ पासून पीथमपूर येथे सुरू झालेल्या बाहा स्पर्धेने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना स्वतः वाहन घडवावयास लावले. सुरुवातीला सर्व संघांना एकसारखे इंजिन असल्यामुळे तेथे सस्पेन्शनच्या कसबाला विशेष मोल आले. सार्वजनिक रस्त्यावरील मोटारीची गोष्ट निराळी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होतील असा फेरफार धन्याला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे.

कायद्याची वाट मोकळी असली तरी रायपूरच्या हवेचा कौलही घ्यावा लागतो. उन्हाळ्यातील मुरमाची बारीक धूळ गोळा आणि वाटी यांच्या मधल्या अस्तरात शिरली म्हणजे त्याची कानस होते आणि पावसाळ्यात गंज उरलेले काम करतो. त्यामुळे रबरी टोपणावाचून असा सांधा येथे बसवू नये. पॉलियुरेथेनचा बुश हा मधला मार्ग खरा, परंतु तो एका अक्षाभोवती फिरण्यापुरताच राजी असतो. आर्मला तिरके वळावे लागत असेल तर तो अडून बसतो, आणि ग्रीस आटले की कुरकुरतो. म्हणून जेथे आर्म एकाच अक्षावर झुलतो तेथे पॉलियुरेथेन, जेथे तो अनेक कोनांत वळतो तेथे गोळ्याचा सांधा आणि जेथे थरथर बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत थेट पोहोचते तेथे रबर, अशी वाटणी करणे शहाणपणाचे.

या कुळातील प्रत्येक पिढीने मागच्या पिढीची एकेक सवलत काढून घेतली, आणि रबर जो धक्का आजवर गिळत होते तो कडक सांधा बसविताच पुढे सरकतो. त्याचा पुढचा मुक्काम आर्मच्या ब्रॅकेटवर आणि ब्रॅकेटच्या वेल्डवर असतो, जेथे उष्णतेने लगतच्या पोलादाचा पोत आधीच पालटलेला असतो. सबब ब्रॅकेट दुहेरी कानांचे असावे, बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला असावा, सांध्याच्या दांडीवर केवळ ताण वा दाब यावा, वाकविणारा जोर येऊ नये, आणि वाटी झिजली तरी गोळा निसटू नये एवढा मोठा वॉशर जोडीला असावा. किट कारच्या धन्याने खर्चाचा पहिला रुपया चकाकणाऱ्या नव्या सांध्यावर न घालता चेसिसच्या या कानांवर घालावा. ते बळकट नसतील तर तूर्त जुने रबरच ठेवणे अधिक सुरक्षित.