परळीची वाट आणि घरचा सांगावा

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना आपण सहसा छापील पुस्तकापासून आरंभ करतो. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', पंडिता रमाबाईंचे इंग्लंड-अमेरिकेसंबंधीचे लेखन, पुढे अनंत काणेकर, पु. ल. देशपांडे अशी नावांची रांग अभ्यासक्रमांतून ठरून गेलेली आहे. या रांगेतील कोणाच्याही योग्यतेविषयी आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो रांग लावण्यामागच्या व्याख्येला. लेखकाने अनोळखी वाचकासाठी लिहिलेले परमुलखाचे वर्णन म्हणजे प्रवासवर्णन, असे आपण न बोलता गृहीत धरतो. प्रत्यक्षात मराठी माणसाने शतकानुशतके आपला प्रवास सांगितला तो घरी राहिलेल्या माणसांना. सांगताना वाटेची हकिगत आणि घरची ख्यालीखुशाली त्याने कधी वेगळी ठेवली नाही.

हा मुद्दा परळी वैजनाथच्या आधाराने मांडावा असा आमचा विचार आहे. बीड जिल्ह्यातील या गावाशी दोन वाटा जोडलेल्या आहेत. एक बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूची, दुसरी या मुलखातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या ऊसतोड कामगाराची. पहिल्या वाटेवरून परतणाऱ्या माणसाला आपली हकिगत सांगण्यासाठी समाजाने अनेक रीती दिल्या. दुसऱ्या वाटेवरून परतणाऱ्याला काय दिले, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासाने आजवर पुरेसा विचारलेला नाही.

प्रथम पहिल्या वाटेकडे पाहू. परळीचे वैजनाथाचे देवालय बालाघाटाच्या परिसरात एका टेकडीवर आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. बारा ज्योतिर्लिंगांतील वैद्यनाथ कोणता, परळीचा की झारखंडातील देवघरचा, हा वाद जुना आहे आणि ज्योतिर्लिंगस्तोत्राच्या पाठभेदांशी तो निगडित आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर परळीचे स्थान लोकमानसात कधीच डळमळले नाही. जवळच अंबाजोगाई आहे, निजामी अमलातील मोमिनाबाद. तेथील योगेश्वरी ही कोकणातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. त्यामुळे सह्याद्रीपलीकडचे यात्रेकरू घाट चढून या मुलखात येत आणि देवीच्या दर्शनाला परळीचे दर्शन जोडून घेत.

या दोन क्षेत्रांना जोडणारी एक दंतकथा सर्वश्रुत आहे. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला. वधूपक्षाचे वऱ्हाड कोकणातून निघाले, परंतु अंबाजोगाईस पोहोचेपर्यंत लग्नाचा मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी पाषाण झाले आणि देवी तेथेच राहिली. या कथेची ऐतिहासिक छाननी करण्याचे कारण नाही, तिची भाषा मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. आपली कुलदेवता आपल्या गावापासून इतकी दूर का, या प्रश्नाचे उत्तर कोकणच्या माणसाने तत्त्वज्ञानात शोधले नाही. ठरलेले लग्न, निघालेले वऱ्हाड, टळलेला मुहूर्त आणि परत न आलेली मुलगी, अशी एखाद्या घरची बातमी सांगावी तशी त्याने ती सांगितली. प्रवासाची हकिगत आणि कुटुंबाची वार्ता येथे एकच झालेली आहे.

यात्रेच्या परंपरागत कल्पनेत परतीला असलेले महत्त्वही ध्यानात घेतले पाहिजे. दर्शन झाले म्हणजे यात्रा संपली, असे नाही. काशीयात्रेहून आलेला माणूस गंगापूजन करून मावंदे घाली. आप्तेष्ट जेवायला येत, गंगेच्या तीर्थाचा वाटा घेत आणि वाटेची हकिगत ऐकत. जे स्वतः जाऊ शकले नाहीत त्यांना यात्रेचा अंश मिळावा, हा त्यामागचा भाव. नामदेवांच्या नावावर असलेल्या 'तीर्थावळी'च्या अभंगांतही ज्ञानदेवांसह केलेल्या तीर्थयात्रेनंतर पंढरीस मावंदे होते आणि त्यात प्रत्यक्ष पांडुरंग राबतो. 'तीर्थावळी'च्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद असोत. तीर्थाहून आलेल्या भक्ताची वाट पाहणारे कोणीतरी घरी असते आणि त्याच्यापाशी पोहोचल्यावरच यात्रा पुरी होते, ही जाणीव त्या रचनेच्या गाभ्याशी आहे.

घरच्या वार्तेची लिखित नोंद ठेवणारी एक संस्थाही यात्रेच्या वाटेवर होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. आलेला यात्रेकरू आपले गाव, कूळ, भाऊबंद, जन्मलेली मुले आणि निवर्तलेली माणसे यांची नोंद तेथे करी. पुढच्या पिढीतील कोणी आला की त्याला आजोबांच्या हातचा लेख दाखवला जाई. कुटुंबाचा इतिहास घरापासून शेकडो मैलांवर, परक्याच्या वहीत सुरक्षित राही. मात्र या वहीत कोण आहे आणि कोण नाही हेही पाहिले पाहिजे. यजमान म्हणून ज्याचे नाव लागे तो बहुधा घरातील कर्ता पुरुष. ज्या जातींना देवळाची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांच्या वंशावळी या व्यवस्थेत येण्याचा मार्ग अरुंद होता.

पत्राची गोष्ट याहून निराळी नाही. मराठी पत्राला स्वतःचे व्याकरण होते. वडिलांस 'शिरसाष्टांग नमस्कार', बरोबरीच्यांस 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', शेवटी 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद'. लग्नपत्रिकेला कुंकू लागे, मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड कोपरा फाडलेले असे आणि अक्षर न येणाऱ्यालाही ते हातात पडताच काय झाले ते उमगे. हैदराबाद संस्थानाचे टपाल स्वतंत्र होते, तिकिटे स्वतंत्र होती. पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपली आणि १९५० साली ते टपाल भारतीय टपालात विलीन झाले. संस्थानात राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्था मराठी शिक्षणासाठी धडपडल्या, त्यांचे मोल मोठे आहे. तरी खेड्यापाड्यांतील बहुसंख्यांसाठी पत्र म्हणजे दुसऱ्याकडून लिहवून घ्यायची आणि दुसऱ्याकडून वाचवून घ्यायची वस्तू होती. मनातले सारे मास्तरांसमोर किंवा पोस्टमनसमोर कोण सांगणार? म्हणून पत्रात 'सर्व खुशाल' एवढेच येई आणि उरलेले सारे सांगाव्याने जाई.

ज्या दोन ग्रंथांपासून आपण प्रवासवर्णनाचा इतिहास मोजतो, तेही मुळात घरच्या माणसांसाठी केलेले निवेदनच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरच्या विपन्नावस्थेमुळे, दक्षिणा मिळवण्यासाठी. बंडाच्या वणव्यातून ते परतले तेव्हा आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांच्या खांद्यावर होती. चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास त्यांनी ही हकिगत लिहिली, ती १९०७ साली प्रसिद्ध झाली. भटजींच्या लेखनातील जिवंतपणा बखरकाराचा नाही. ओसरीवर बसून घरच्यांना सांगणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे. रमाबाईंचे १८८३ साली छापले गेलेले 'इंग्लंडचा प्रवास' हे तर सरळ पत्रच होते, परिचित स्नेह्याला लिहिलेले. छपाईने या आवाजांना अनोळखी वाचक मिळवून दिला, पण आवाज घडला तो ओळखीच्या कानांसाठी.

एवढे मान्य केले की जात्यावरची ओवी या इतिहासाबाहेर ठेवता येत नाही. परळीपासून रेल्वेने जवळ असलेले गंगाखेड हे परंपरेने जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते, आणि जनाबाई व जाते यांचे नाते सांगण्याची गरज नाही. पहाटे दळण दळणाऱ्या बाईच्या ओवीला ऐकणारा निश्चित असतो. कधी माहेरचा भाऊ, कधी आई, कधी समोर दांडा धरून बसलेली जाऊ किंवा नणंद. मुराळी केव्हा येणार, बहिणीला काय झाले, आईचे दुखणे कुठवर आले, ही वार्ता ओवीत येते. त्याच ओवीत पंढरीची वाट येते, चंद्रभागेची गर्दी येते, वाटेत भेटलेली गावे एकापाठोपाठ एक येतात. जी बाई स्वतः यात्रेला जाऊन आली ती वाट आठवते, जी गेली नाही ती जाऊन आलेल्या सासूच्या तोंडून ऐकलेली वाट पुढे सांगते. नाव, वर्ष, लेखक यांपैकी काहीही नसलेले हे प्रवासवर्णन आहे.

साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', इंदिरा संतांची 'मालनगाथा', डॉ. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने लोकसाहित्य समितीने केलेले काम, यांमुळे ओव्यांचा मोठा साठा हाती आला. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी तर महाराष्ट्रभरातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली या प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रण झाले. तेथील दलित स्त्रियांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर येतात ते घरच्या माणसासारखे, ज्याच्या येण्याची वाट पाहावी अशा भावासारखे. तीर्थोपाध्यायाच्या वहीत ज्यांना जागा नव्हती त्यांनी आपली वार्ता, आपला इतिहास आणि आपले दैवत ओवीच्या वहीत नोंदवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता दुसरी वाट. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. फडाजवळ कोपी उभी राहते. पाच-सहा महिने ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. घरी म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे राहतात. दीर्घ विरह, अनोळखी मुलूख, वाटेतील संकटे आणि परतीची ओढ, प्रवासवर्णनाला लागणारे सारे काही या प्रवासात आहे. गोडसे भटजींप्रमाणे हा प्रवासीही पोटासाठीच निघालेला आहे.

तरीही या वाटेवरून आलेल्या माणसासाठी मावंदे नाही. वाटून घ्यावा असा प्रसाद नाही. त्याच्या प्रवासाची नोंद होते ती मुकादमाच्या वहीत, आणि तीही उचल किती, फिटली किती, बाकी किती या तीन रकान्यांत. जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारी उपाध्यायाची वही आणि कर्जाची नोंद ठेवणारी मुकादमाची वही, या दोहोंमधील अंतर हाच आमच्या मते या मुलखाचा सामाजिक इतिहास आहे. यात्रेकरूने आणलेली आठवण घरादाराला हवी असते. फडावरची आठवण मात्र सांगणाऱ्यालाही नकोशी असते, आणि ऐकणारे आई-वडील अनेकदा स्वतःच त्या वाटेने आयुष्यभर जाऊन आलेले असतात. त्यांना नवे काय सांगायचे?

शिवाय ज्या साधनाने बाईने आपले सांगणे शतकानुशतके जपले ते जातेही आता राहिले नाही. गावोगाव पिठाची गिरणी आली, दळणाचे कष्ट वाचले, आणि त्याबद्दल कोणत्याही बाईला खंत वाटण्याचे कारण नाही. खंत वाटायची असेल तर ती अभ्यासकांना वाटावी. फडावरून आज मोबाईल लागतो, रात्री कोपीत बसून आई मुलाला 'जेवलास का' विचारते, मुलगा शाळेचे सांगतो. वार्ता पूर्वीपेक्षा लवकर पोहोचते यात शंका नाही. परंतु ते बोलणे तेथेच विरते. ओवी एका बाईकडून दुसरीकडे जाई, जाता जाता घासली जाई, आणि एकीचे दुःख अनेकींचे होई. ती साखळी मोबाईलमध्ये आपोआप तयार होत नाही.

म्हणून मराठवाड्यातील महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मंडळींपुढे आम्हांला एक काम ठेवावेसे वाटते. त्यांच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले-मुली बसतात. प्रवासवर्णनाचा पाठ शिकवताना गोडसे भटजींच्या शेजारी या घरांतील हकिगत ठेवून पाहावी. फडावर जाऊन आलेल्या आजीला तिची वाट विचारावी: कोणत्या गावी गाडी थांबली, पाणी कोठे मिळाले, मूल कोठे जन्मले, घरचे कोण गेल्याचे फडावर कळले. जशीच्या तशी बोलीत ती लिहून घ्यावी, आणि सांगणारीची संमती असेल तेथे तिचे नाव घालावे. संग्राहकाच्या नावाखाली सांगणारी पुसली जाणे आता पुरे.

हे लेखन वाङ्मय ठरेल की केवळ साधनसामग्री, हा वाद नंतर घालता येईल. 'माझा प्रवास'ही कित्येकांनी आधी इतिहासाचे साधन म्हणूनच वाचला होता. परळीच्या पायऱ्या चढून आलेल्यांची आठवण भाषेने जपली, तशी या मुलखातून ऊस तोडायला गेलेल्यांचीही जपली गेली पाहिजे. ती सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.